शुक्रवारी मी रंग विचारला नाही

भोपाळला हजर झालो तेव्हा मी फौजेत हवालदार होतो. ट्रेड नर्सिंग असिस्टंट. त्याआधीची अडीच वर्षं बारामुल्लाच्या वरच्या एका पोस्टवर गेली होती, त्यामुळे पोस्टिंग ऑर्डर वाचून बायकोनं देवापुढे साखर ठेवली. पीस स्टेशन, म्हणजे सरहद्दीपासून लांबची छावणी. मुलांना शाळा, राहायला क्वार्टर, आणि गावी हिंगणघाटला जायला सरळ गाडी.

आता रिटायर होऊन मी याच शहरात, साकेत नगरात राहतो. सकाळी फिरायला येणारे शेजारी म्हणतात, ठोंबरेसाहेब, बॉर्डरवरचं काहीतरी सांगा. सांगण्यासारखं आहेही. पण माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतले जे चार दिवस मला अजून मिनिटामिनिटानं आठवतात, ते बॉर्डरवरचे नाहीत. त्या दिवसांत कोणी एक गोळी झाडली नाही. एक माणूस मात्र गेला.

आमचं युनिट बैरागढच्या बाजूला होतं. माझं काम एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात. ०६०० ला पीटी सुरू व्हायची, तिथं फर्स्ट एडची पेटी घेऊन उभं राहायचं. ०७३० ला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. मग ड्रेसिंग, इंजेक्शनं, औषधांचा स्टॉक, रजिस्टर. डॉक्टर एकच होत्या, कॅप्टन नेगी. उत्तराखंडच्या, तिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे दोन युनिटं होती, म्हणून अर्धा दिवस एमआय रूम माझ्याच हातात असायची. जवान मला 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी स्टेशनची, म्हणजे छावणीतल्या सगळ्या युनिटांची, स्पर्धा असायची. दहा किलोमीटरची दौड, हातात रायफल, पाठीवर वजन भरलेला पिट्ठू. टीम दहा जणांची, आणि वेळ शेवटच्या माणसाची धरायची. नऊ जण कितीही लवकर आले तरी दहावा येईपर्यंत घड्याळ चालू. दहावा आलाच नाही तर टीम बाद. आमचं युनिट लागोपाठ तीन वर्षं दुसरं आलं होतं.

टीम नायब सुभेदार जगदीश यांच्याकडे होती. फौजेत पीटी शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे उस्ताद. हरियाणाचे, पंचेचाळीशीतही पोरांच्या पुढे धावणारे. जुलैत एका दुपारी ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. त्यावर कोणा कोचचा व्हिडिओ होता.

"ठोंबरे, ये फ्री रेडिकल क्या बला है?"

मला तेवढं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं सांगायला मला आवडायचं. मी म्हणालो, खूप जोराचा व्यायाम केला की शरीर ऑक्सिजन जास्त जाळतं. त्यातून असे कण तयार होतात जे स्नायूंच्या पेशींना इजा करतात. लोखंडाला गंज चढतो ना, तसं समजा. व्हिटॅमिन सी आणि व्हिटॅमिन ई त्या गंजाला अडवतात.

"तो लड़कों को खिला दें?"

"मॅडमना विचारतो, साहब."

विचारलं. कॅप्टन नेगी रजिस्टरवर सह्या करत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जवानों के लंगर में नींबू है, दाल है, हरी सब्ज़ी है. काफी है. बड़ी डोज़ से दौड़ तेज़ नहीं होती. और ये जो थोड़ा नुकसान होता है ना मेहनत से, शरीर उसी से मज़बूत होना सीखता है. उसको गोली से दबाओगे तो ट्रेनिंग का फायदा ही कम होगा. दौड़, पानी, नींद. बस."

मी उस्तादांना सांगितलं, मॅडम म्हणतात जरुरी नाही.

"ज़रूरी नहीं बोला. मना तो नहीं किया?"

मी रजिस्टर पुढं ओढलं. आठ दिवसांनी उस्तादांनी टी. टी. नगरच्या न्यू मार्केटमधून स्वतःच्या खिशातून सी आणि ईचे डबे आणले. एमआय रूमच्या स्टॉकमधून त्यात बी-कॉम्प्लेक्सची भर मी घातली. मग टीमला बराकीबाहेर बसवून दहा मिनिटांचं लेक्चरही दिलं. गंजाचं उदाहरण सगळ्यांना पटलं. शेवटी मी म्हणालो, "एक बात. पेशाब हल्दी जैसा पीला आएगा. डरना नहीं. बी-कॉम्प्लेक्स का रंग है." दुसऱ्या दिवशी पीटीला जो तो एकमेकांना रंग सांगत होता आणि हसत होता.

मी सांगितलेलं खोटं नव्हतं. बी-कॉम्प्लेक्सनं लघवी पिवळीजर्द होतेच.

लान्स नाईक हेमराज ढोले या टीमचा कणा होता. वय सत्तावीस. पांढुर्ण्याजवळच्या गावचा. तिथं मध्य प्रदेश लागतो, पण घरात मराठीच बोलतात, आणि ती आमच्या वर्ध्याकडच्या मराठीच्या फार जवळची. त्यामुळे बाकी युनिटशी हिंदी आणि माझ्याशी मराठी. सुट्टीवरून येताना पिशवीभर संत्री आणायचा आणि एमआय रूमच्या टेबलावर ठेवून न बोलता निघून जायचा. घरी बायको वंदना आणि तीन वर्षांची मुलगी.

ऑगस्टमध्ये टीमचं टायमिंग सुधारलं. ते ट्रेनिंगनं सुधारलं असणार, पण श्रेय गोळ्यांना मिळालं. उस्तादांनी आठवड्यातला विश्रांतीचा दिवस काढून टाकला. कोणी पाय दुखतात म्हणालं की दुसरा म्हणायचा, "गोली खाई ना? फिर?" मी हे ऐकत होतो. मला बरं वाटत नव्हतं, हेही खरं आहे. एक-दोनदा उस्तादांना म्हणालो, साहब, एक दिन रेस्ट दे दो. ते म्हणाले, स्पर्धेनंतर रेस्टच रेस्ट. मी वर मॅडमपर्यंत गेलो नाही. गेलो असतो तर गोळ्यांचंही सांगावं लागलं असतं.

स्पर्धा शनिवारी होती. गुरुवारी शेवटची मोठी दौड ठेवली होती, सोळा किलोमीटर, पूर्ण वजन घेऊन. पाऊस ओसरला होता आणि हवा दमट झाली होती. सकाळी ०५३० लाच बनियन पाठीला चिकटत होतं. अकराव्या किलोमीटरला सिपाही लखनचे पाय गेले. लखन टीममधला सर्वात नवा. हेमराजनं त्याची रायफल काढून घेतली आणि उरलेले पाच किलोमीटर दोन रायफली घेऊन धावला. आल्यावर बाकीचे जमिनीवर बसले. तो उभाच राहिला, कारण त्याला गुडघे वाकवता येत नव्हते. दुपारी त्यानं जवळची पेनकिलर घेतली, संध्याकाळी आणखी एक. हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी ०९१० ला तो एमआय रूमवर आला. मी शनिवारच्या ॲम्ब्युलन्सच्या सामानाची यादी करत होतो. कॅप्टन नेगी दुसऱ्या युनिटला गेल्या होत्या.

"डॉक्टरसाहेब, मांड्या लय दुखून राहिल्या."

"काल दोन-दोन रायफली कोणी उचलल्या?"

तो हसला. "तसं नाही जी. दाबलं का दगडावानी लागते. आन लघवीचा रंग बी..."

"पिवळा ना? सांगितलं होतं की. बी-कॉम्प्लेक्स. आज आराम कर, पाणी भरपूर पी."

तो क्षणभर उभा राहिला. मला वाटलं आणखी काही बोलेल. टेबलावरचा फोन वाजला, मी उचलला. त्यानं मान हलवली.

"हाव साहेब."

एमआय रूमला दोन पायऱ्या होत्या. फोन कानाला लावून मी त्याला खिडकीतून पाहिलं. त्या दोन पायऱ्या तो भिंतीला हात लावून, एकेक पाय खाली ठेवत उतरला. सत्तावीस वर्षांचा, दहा किलोमीटर धावणारा माणूस. मी पाहिलं आणि यादीत सलाइनच्या बाटल्या लिहिल्या.

त्या दिवसभर मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स दोनदा तपासली. सलाइन, बर्फाची पेटी, ऑक्सिजन, स्ट्रेचर. यादीतलं सगळं होतं. घरी बायको म्हणाली, "दौड उद्या त्यांची आहे का तुमची?" मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

शनिवारी ०६०० ला दौड सुटली. माझी ॲम्ब्युलन्स सात किलोमीटरच्या पॉइंटवर होती. कॅप्टन नेगी फिनिश लाइनवर. ०६३६ ला आमची टीम माझ्यासमोरून गेली. हेमराज नेहमी दुसरा-तिसरा असायचा. त्या दिवशी तो, छातीवर चौदा नंबर, शेवटी होता. तोंड उघडं, नजर समोर, पावलं पसरट पडत होती. पुढं धावणारा लखन मागं वळून वळून त्याच्याकडे पाहत होता.

मी ड्रायव्हरला म्हणालो, गाडी सुरू कर, टीमच्या मागं जाऊ. तो म्हणाला, साहब, पॉइंट छोड़ने का ऑर्डर नहीं है. बरोबर होतं त्याचं. मी वायरलेस सेट हातात घेतला.

"कंट्रोल फॉर पॉइंट सेव्हन. चेस्ट नंबर चौदा ठीक नहीं लग रहा. पीछे जाने की परमिशन चाहिए. ओव्हर."

"पॉइंट सेव्हन फॉर कंट्रोल. वेट. आउट."

दोन मिनिटं गेली. ०६४१ ला सेट पुन्हा बोलला, पण तो कंट्रोल नव्हता.

"कंट्रोल फॉर पॉइंट एट. मैन डाउन. चेस्ट नंबर चौदा. एम्बुलेंस भेजो. ओव्हर."

आम्ही चार मिनिटांत पोहोचलो. लखन आणि आणखी दोघं दौड सोडून त्याच्याजवळ बसले होते. लखन बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतत होता. हेमराजचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. तो बोलत होता, पण शब्द लागत नव्हते. टेम्परेचर एक्केचाळीसच्या वर. आम्ही त्याचा पिट्ठू आणि कपडे काढले, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला, ओली चादर टाकली, सलाइन सुरू केलं. मांडीला हात लागला तेव्हा ती खरंच दगडासारखी होती. हा शब्द मी आदल्या दिवशी ऐकला होता.

"कंट्रोल फॉर पॉइंट सेव्हन. कैज़ुअल्टी सीरियस. हीट स्ट्रोक. सीधे मिलिट्री हॉस्पिटल जा रहा हूँ. मॅडम को वहीं भेजो. ओव्हर."

"रॉजर. आउट."

०७०५ ला आम्ही पोहोचलो. कॅप्टन नेगी मागोमाग आल्या. ताप उतरू लागला, हेमराजला थोडी शुद्ध आली, आणि सगळ्यांना जरा हायसं वाटलं. मग लघवीसाठी नळी घातली. पिशवीत जे उतरलं ते पिवळं नव्हतं. उकळून उकळून काळा झालेला, बिनदुधाचा चहा असतो तसा रंग. तोही वाटीभरच.

कॅप्टन नेगींनी पिशवी उजेडाकडे धरली.

"ये रंग कब से है?"

"पता नहीं, मॅडम."

हे अक्षरशः खरं होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

सामान्य वाचकाला समजावं म्हणून सांगतो. शरीराला झेपण्यापलीकडे ताण दिला, त्यात उष्णता आणि पाण्याची कमतरता, की स्नायू फुटू लागतात. त्यांच्या आतला द्रव्यांचा साठा रक्तात येतो. तो मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी काळपट होते. त्याच स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात वाढतं आणि हृदयाची लय बिघडवतं. वर पेनकिलर घेतलेली असेल तर मूत्रपिंडाचं आणखी नुकसान. हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि भरपूर सलाइन दिलं, तर बहुतेक माणसं वाचतात. हेमराजच्या बाबतीत गुरुवार गेला होता, शुक्रवारही गेला होता, आणि शनिवारी तो पुन्हा धावला होता.

त्याला डायलिसिस लागणार होतं. ०९४० ला आम्ही त्याला घेऊन साकेत नगरच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालो. मागं मी आणि कॅप्टन नेगी. लालघाटी, मग तलावाकाठचा व्हीआयपी रोड. शनिवार म्हणून तलावावर माणसं फोटो काढत होती. माझी नजर मॉनिटरवर. ईसीजीची टोकं तंबूसारखी उंच आणि टोकदार झाली होती. तशी टोकं म्हणजे पोटॅशियम. मॅडम दर काही मिनिटांनी घड्याळ पाहून कॅल्शियमचं इंजेक्शन तयार ठेवत होत्या. सायरन चालू होता तरी पुढची एक बस हलत नव्हती, आणि मी ड्रायव्हरच्या काचेवर मूठ आपटत होतो. त्यानं ती बस हलणार नव्हती.

हेमराजनं डोळे उघडले.

"साहेब, टाइम किती आला आपला?"

टीम बाद झाली होती. तिघं त्याच्याजवळ थांबले होते.

"पहिले आलो," मी म्हणालो.

"लखन पोचला?"

"पोचला."

ओठ सुकले होते, मी ओला कापूस फिरवला. मग तो हळू म्हणाला, "तुमाले काल सांगनार व्हतो. पिवळी नव्हती जी. चहावानी व्हती, गुरुवार संध्याकाळपासून. मंग वाटलं, गोळ्याचंच असन. तुमाले जास्त समजते."

कॅप्टन नेगींना मराठी येत नव्हती.

"क्या बोल रहा है?"

"घर की बात, मॅडम."

त्या पुन्हा मॉनिटरकडे वळल्या. मी हेमराजचा हात धरून बसलो. त्याची पकड नव्हतीच.

रुग्णालयाच्या दारात मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, रंग कधीपासून. मी म्हणालो, "गुरुवार शाम से, सर." कॅप्टन नेगींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की गाडीत ती घरची गोष्ट नव्हती.

संध्याकाळच्या गाडीनं वंदना आणि तिचा भाऊ पांढुर्ण्याहून आले. रविवारी डायलिसिसनंतर हेमराज बरा वाटला. बायकोशी बोलला, मुलीला फोनवर विचारलं, जेवली का. उस्ताद दिवसभर वॉर्डबाहेर उभे होते, खुर्ची रिकामी असून बसले नाहीत. मला वाटलं, आता निभावलं. सोमवारी दुपारी मी बाहेरच्या बाकावर होतो. १३४० ला आत धावपळ सुरू झाली. दारावरच्या गोल काचेतून मला फक्त छाती दाबणाऱ्या डॉक्टरचे खांदे दिसत होते, खाली-वर, खाली-वर. १४१० ला ते थांबले.

दोन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. एक मेजर साहेब अध्यक्ष. माझी साक्ष दुसऱ्या दिवशी होती. त्याआधीच्या पूर्ण आठवड्यात मी माझं उत्तर मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला प्रत्येक शब्द संशयास्पद वाटू लागला होता. गोळ्यांचं सांगितलं तर उस्ताद अडकणार. आणि शुक्रवारची ती पाच मिनिटं माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. एक साक्षीदार होता, तो गेला होता.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नोकरी जाईल का?"

"माहीत नाही."

"गेली तर हिंगणघाटला जाऊ." आणि पुढची जुडी हातात घेतली.

साक्षीत मी आधी गोळ्यांचं सांगितलं. मॅडम नको म्हणाल्या होत्या, मी ते 'जरुरी नाही' असं करून पुढे सांगितलं, बी-कॉम्प्लेक्स स्वतः दिलं. मेजर साहेबांनी कागद उलटला.

"नायब सूबेदार जगदीश ये कल बता चुके हैं. अपने नाम पर. और कुछ?"

पंखा चालू होता. कोपऱ्यातला क्लार्क थांबून माझ्याकडे पाहत होता. मी आत्ता 'नो सर' म्हटलं असतं तर संपलं असतं.

"यस सर. शुक्रवार को ०९१० पर लान्स नाईक ढोले मेरे पास आया था. उसने रंग की बात शुरू की. मैंने पूरी नहीं सुनी."

"रजिस्टर में एंट्री?"

"नहीं की, सर."

"किसी और ने सुना?"

"नो सर."

त्यांनी क्लार्कला लिहायला सांगितलं. मला एवढंच विचारलं की हे मी लेखी देईन का. मी दिलं. पुढे उस्तादांना आणि मला कडक ताकीद मिळाली, माझं प्रमोशन मागं पडलं. नोकरी राहिली. उस्ताद बाहेर जिन्यावर भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

कॅप्टन नेगींनी त्या दिवशी पहिल्यांदा विषय काढला. "गोलियों ने उसको नहीं मारा, ठोंबरे. गर्मी, पानी, दो दिन की दौड़, पेनकिलर, इन सबने मारा. मगर गोलियों की वजह से हम सबने देखना बंद कर दिया. मैंने भी. मुझे मालूम होना चाहिए था कि टीम क्या खा रही है." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. टोपी घातली आणि सिक परेडला गेल्या.

दिवाळीनंतर रजा काढून मी पांढुर्ण्याला गेलो. वंदनाताईंच्या सासऱ्यांनी अंगणात बाज टाकली. चहा झाला. मी ठरवून गेलो होतो, तसं सगळं सांगितलं. शुक्रवार, फोन, पायऱ्या. सासरे जमिनीकडे पाहत होते. वंदनाताई दाराला टेकून उभ्या होत्या.

"म्हंजे तुमी त्या दिशी पाह्यलं असतं त वाचले असते?"

याचं उत्तर मी येताना गाडीत शोधत होतो. वेगवेगळी उत्तरं होती, काही खरीही होती.

"बहुतेक हो," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं आता उठावं. मग त्या एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. हेमराजच्या सामानातून आलेल्या गोळ्या होत्या, सी, ई, बी-कॉम्प्लेक्स, अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप.

"पोरगी लहान हाय, म्हनून वर ठेवल्या व्हत्या. फेकाव का ठेवाव, समजे ना. तुमी घेऊन जा."

मी पिशवी घेतली. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आले ते बरं केलं." एवढंच. आणखी काही त्यांनी दिलं नाही, आणि मी मागण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढची नऊ वर्षं मी ज्या ज्या युनिटला होतो, तिथं दौडीनंतर प्रत्येकाला मी स्वतः विचारायचो, रंग कोणता. उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचो. पोरं हसायची, मला काही टोपणनावंही पडली. त्या वर्षांत दोघांचं उत्तर चुकीच्या रंगाचं निघालं. दोघांनाही त्याच तासात हॉस्पिटलला नेलं. दोघंही आज धडधाकट आहेत.

ट्रेनिंगमध्ये गेलेल्या जवानाला फौजेत 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणतात. युनिटच्या स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं असतात, त्यात हेमराजचं नाव नाही. नियम तसा आहे आणि मी त्याविरुद्ध काही म्हणत नाही. म्हणून इथं लिहितो.

लान्स नाईक हेमराज ढोले धावताना डाव्या खांद्यावर किंचित झुकायचा. गाणी म्हणायचा नाही, घोषणा द्यायचा नाही. फळ सोलताना साल एका तुकड्यात काढायचा आणि तुटली की स्वतःवरच नाराज व्हायचा. वळून न पाहता त्याला कळायचं की टीममध्ये कोणाचे पाय जड झालेत. मग तो वेग थोडा कमी करायचा, त्या माणसाच्या बाजूला यायचा आणि काही न बोलता हात पुढे करायचा.